एक ‘एस’ की दोन? ‘जस्ट डिझर्ट्स’चा गुंता

वाचकाचं पत्र, थोडक्यात: एका संस्थेत काम करणाऱ्या वाचक मैत्रिणीने हे पत्र पाठवलं आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी त्या पुस्तकं वाचत शिकल्या, आणि आज कार्यालयातला बराचसा इंग्रजी मजकूर त्यांच्याच हातून जातो. विभागप्रमुख बाईंना बढती मिळाली तेव्हा एका छोट्या समारंभात त्या इंग्रजीतून चार शब्द बोलल्या. ‘मॅडमना अखेर त्यांचे जस्ट डेझर्ट्स मिळाले’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. ‘त्यांच्या कष्टांचं रास्त फळ मिळालं’ असं त्यांना म्हणायचं होतं. उच्चार त्यांनी ‘डेझर्ट’ म्हणजे वाळवंट, तसा केला. दोघं-तिघं हसले, एकाने गोड पदार्थांवरून कोटीही केली. आता तेच भाषण संस्थेच्या अंकात छापायचं आहे. त्यांनी लिहिताना मधे एकच ‘एस’ ठेवला होता; एक वरिष्ठ सहकारी तो चूक ठरवून ‘दोन एस करा’ म्हणताहेत. मैत्रीण विचारते: बरोबर काय, हा शब्दप्रयोग आला कुठून, बाईंची माफी मागावी का, आणि ‘आमच्यासारख्यांनी असले इंग्रजी वाक्प्रचार वापरण्याच्या फंदात पडूच नये का?’

नमस्कार,

अंक छपाईला जायचा आहे, म्हणून आधी उत्तर देते आणि मग बाकीचं बोलू. स्पेलिंग तुमचंच बरोबर आहे. डी-ई-एस-ई-आर-टी, आणि शेवटी अनेकवचनाचा ‘एस’. मधे एकच ‘एस’. उच्चार मात्र ‘डिझर्ट्स’, जेवणानंतरच्या गोड पदार्थाचा करतात अगदी तसाच, जोर ‘झर्ट’वर. म्हणजे लिहायचं वाळवंटासारखं, म्हणायचं गोड पदार्थासारखं, आणि अर्थ दोन्हीपेक्षा निराळा. हा शब्दप्रयोग माणसाला अडखळवण्यासाठीच रचलाय की काय असं वाटावं, इतका तो अडनिडा आहे खरा. पण त्याचं मूळ एकदा कळलं की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही. म्हणून त्या मुळाशी थोडं थांबते.

इथे तीन वेगवेगळे शब्द एकमेकांत मिसळलेत. पहिला वाळवंटाचा. लॅटिनमध्ये ‘सेरेरे’ म्हणजे जोडणं, ओवणं. त्याला ‘दे’ हा उपसर्ग लागून ‘देसेरेरे’ झालं, म्हणजे नातं तोडणं, सोडून जाणं. लोकांनी सोडून दिलेली, ओस पडलेली जागा ती ‘देसेर्तुम’, आणि त्यावरून इंग्रजीतलं ‘डेझर्ट’, वाळवंट. सैन्यातून पळून जाणाऱ्याला ‘डिझर्टर’ म्हणतात, तोही याच कुळातला.

दुसरा शब्द गोड पदार्थाचा. फ्रेंचमध्ये ‘सर्व्हीर’ म्हणजे सेवा करणं, वाढणं. त्याच्या आधी उलट क्रिया दाखवणारा ‘देस’ हा उपसर्ग लावला की ‘देस-सर्व्हीर’, म्हणजे वाढलेलं उचलणं, टेबल आवरणं. मुख्य जेवणाची भांडी उचलून झाल्यावर जे समोर येतं ते ‘देसेर’. इंग्रजीने तो शब्द १६०० च्या सुमारास उचलला.

तिसरा शब्द तुम्ही वापरलात तो. पुन्हा लॅटिनच, पुन्हा सेवाच, पण इथे उपसर्ग आहे नुसता ‘दे’, आणि तो अर्थ उलटा करत नाही, वाढवतो. ‘देसर्व्हिरे’ म्हणजे मन लावून, पुरेपूर सेवा करणं. अशी सेवा केल्याने माणूस ज्याला पात्र ठरतो, जे त्याच्या पदरात पडायला हवं, त्याला जुन्या फ्रेंचमध्ये ‘देसेर्त’ म्हणत. तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा शब्द इंग्रजीत रुळला होता. ‘डिझर्व्ह’ हे क्रियापद त्याचं सख्खं भावंड.

आता स्पेलिंगकडे बघा. गोड पदार्थाच्या शब्दात दोन ‘एस’ का? एक उपसर्गाच्या शेवटचा, दुसरा मूळ शब्दाच्या सुरुवातीचा. ‘देस’ आणि ‘सर्व्हीर’ शेजारी आले आणि दोन्ही ‘एस’ टिकले. तुमच्या शब्दात उपसर्ग ‘दे’ एवढाच, त्यामुळे एकच ‘एस’, तो ‘सर्व्हिरे’चा. म्हणजे ज्या एका अक्षरावरून तुमच्या कार्यालयात वाद चाललाय, त्यातच या शब्दांचा जन्म लिहिलेला आहे. शाळेत मुलांना शिकवतात की गोड पदार्थ जास्त हवासा वाटतो म्हणून त्यात ‘एस’ जास्त. ती युक्ती ठीक आहे, पण इथे त्याहून भरवशाची युक्ती आहे: ‘डिझर्व्ह’ लिहिताना तुम्ही कधी दोन ‘एस’ लिहिता का? नाही ना? मग त्याच्या भावंडातही नको.

उच्चाराचंही तेच. ‘डिझर्व्ह’ म्हणताना जोर दुसऱ्या भागावर जातो, तसाच ‘डिझर्ट’मध्येही. वाळवंटाच्या ‘डेझर्ट’मध्ये तो पहिल्या भागावर असतो. इंग्रजीत जोर कुठे पडतो यावर शब्दाचा अर्थच बदलतो. ‘रेकॉर्ड’ हे नाम म्हणताना जोर पहिल्या भागावर आणि ‘नोंद करणं’ या अर्थाचं क्रियापद म्हणताना दुसऱ्यावर. ‘परमिट’, ‘प्रेझेंट’, ‘ऑब्जेक्ट’ यांचीही तीच गोष्ट. आपल्या मराठीत शब्दातल्या एखाद्या भागावर जोर दिला म्हणून वेगळा शब्द तयार होत नाही. त्यामुळे आपला कान या फरकासाठी तयार झालेलाच नसतो, आणि छापील इंग्रजीत तो जोर कुठे दाखवलेला नसतो. पानावरून शब्द उचलणाऱ्याने तो ओळखावा तरी कसा? आणि दोन ‘एस’ असूनही ‘झ’ कसा, असं कोणी विचारलं तर ‘डिझॉल्व्ह’, ‘पझेस’, ‘सिझर्स’ दाखवा. तिथेही लिहायचे दोन ‘एस’ आणि ऐकू येतो ‘झ’.

आणखी एक अडचण त्या आधीच्या ‘जस्ट’ची. रोजच्या बोलण्यात ‘जस्ट’ म्हणजे ‘फक्त’, ‘नुकतंच’. इथला ‘जस्ट’ तो नाही. हा ‘जस्टिस’मधला ‘जस्ट’, म्हणजे न्याय्य, रास्त. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ ‘फक्त’ असा घेतला की पुढचा शब्द आपोआप गोड पदार्थ होतो: नुसतं गोडच! गोड पदार्थ विकणारी दुकानं या उच्चारसाम्यावर कोटी करून हेच नाव दोन ‘एस’ लावून पाटीवर लिहितात. पाटी डोळ्यांसमोर सतत असते, शब्दकोश नसतो. तुमच्या सहकाऱ्यांना दोन ‘एस’ खात्रीने बरोबर वाटतात यामागे असलं काहीतरी असणार.

त्यांच्यावर रागावू नका, कारण ही चूक फार समजूतदार आहे. ‘पात्रतेचं फळ’ या अर्थाचा ‘डिझर्ट’ सामान्य इंग्रजीतून जवळजवळ नाहीसा झालाय. तत्त्वज्ञान आणि कायद्याच्या लिखाणाबाहेर तो जगतो तो बहुतेक या एका शब्दप्रयोगाच्या आधाराने. ‘किथ अँड किन’मधला ‘किथ’, ‘टू अँड फ्रो’मधला ‘फ्रो’, ‘शॉर्ट श्रिफ्ट’मधला ‘श्रिफ्ट’ हे असेच शब्द. एकटे कुठे भेटत नाहीत. असा अनोळखी शब्द कानावर पडला की मन त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसवतं. या प्रकाराला इंग्रजीत नावही आहे: ‘एगकॉर्न’. ओकच्या झाडाच्या फळाला ‘एकॉर्न’ म्हणतात. एक बाई ते ‘एग कॉर्न’ असं लिहायच्या. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी २००३ मध्ये याबद्दल लिहिलं, आणि जेफ्री पुलम यांनी सुचवलं की अशा चुकांना हेच नाव द्यावं. ते फळ अंड्याच्या आकाराचं असतं आणि दाण्यासारखंही दिसतं, त्यामुळे चुकीतही तर्क आहे. श्वास रोखून वाट पाहणं म्हणजे ‘बेटेड ब्रेथ’. त्यातला ‘बेटेड’ हा ‘अबेट’चा, कमी होण्याचा. पण किती इंग्रज लोक तो आमिषाच्या ‘बेट’चं स्पेलिंग करून लिहितात! घोड्याचा लगाम सैल सोडणं हे ‘फ्री रेन’. घोडे रस्त्यावरून गेले आणि लोक त्यातला ‘रेन’ राजाच्या राज्याचा समजून लिहू लागले.

हे सगळं इतकं पसरून सांगायचं कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नात आहे. ‘आमच्यासारख्यांनी’ असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे चूक झाली ती मराठी माध्यमामुळे, असं तुम्ही मनाशी धरून बसलात. मला ते पटत नाही. ‘जस्ट डिझर्ट्स’मध्ये दोन ‘एस’ लिहिणाऱ्यांत जन्मापासून इंग्रजी बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी तो शब्दप्रयोग लहानपणापासून ऐकला, म्हणून उच्चार बरोबर येतो आणि स्पेलिंग चुकतं. तुम्ही तो वाचला, म्हणून स्पेलिंग बरोबर आलं आणि उच्चार चुकला. तुमची आणि तुमच्या वरिष्ठांची चूक एकाच जागची आहे, फक्त ते कानाच्या बाजूने आले आणि तुम्ही डोळ्याच्या. यात कोण वरचं आणि कोण खालचं?

वाचून इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाजवळ असे काही शब्द असतात. ‘एपिटमी’ला ‘एपिटोम’ म्हणणारे, ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ म्हणणारे, ‘अराय’ला ‘ऑरी’ वाचणारे लोक सगळ्या देशांत आहेत, आणि त्यात इंग्रजी मातृभाषा असलेलेही पुष्कळ. असा उच्चार ऐकला की मला कळतं, या माणसाला हा शब्द कोणी सांगितलेला नाही, याने तो स्वतः पुस्तकात शोधलाय. मला ते मनापासून आदराचं वाटतं.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत आणि मला जे खरोखर महत्त्वाचं वाटतं, ते. स्पेलिंग बरोबर, उच्चार सुधारण्यासारखा, पण तुमच्या भाषणात हा शब्दप्रयोग बसतो का?

मुळात ‘डिझर्ट’ हा तटस्थ शब्द होता. चांगलं केलं तर चांगलं, वाईट केलं तर वाईट, जे काही वाट्याला यायला हवं ते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये या शब्दाचे दोन्ही चेहरे एकाच संवादात दिसतात. राजवाड्यात नाटकमंडळी आलेली असतात. त्यांची नीट व्यवस्था ठेव, असं हॅम्लेट पोलोनियसला सांगतो. पोलोनियस दरबारी माणूस. तो म्हणतो, त्यांच्या ‘डिझर्ट’प्रमाणे ठेवतो, म्हणजे त्यांच्या पायरीप्रमाणे. त्याच्या दृष्टीने हे साधं, व्यवहाराचं बोलणं. हॅम्लेट तिथल्या तिथे त्याला अडवतो: त्याहून कितीतरी चांगलं ठेव! ज्याला त्याला त्याच्या ‘डिझर्ट’प्रमाणे वागवायचं ठरवलं, तर फटके चुकतील कोणाचे? एका वाक्यात शब्द पायरीवरून फटक्यांवर गेला. त्याच नाटककाराच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये एक राजपुत्र चांदीची पेटी निवडतो, कारण तिच्यावर लिहिलेलं असतं की मला निवडेल त्याला त्याच्या पात्रतेएवढं मिळेल. उघडून बघतो तर आत एका मूर्खाचं चित्र. तो कळवळून विचारतो, माझे ‘डिझर्ट्स’ याहून बरे नाहीत का? अनेकवचन, तुमच्यासारखंच, आणि मधे एकच ‘एस’.

पुढच्या शतकांत या शब्दप्रयोगाचा तोल शिक्षेकडे झुकत गेला. आज कोणाला ‘जस्ट डिझर्ट्स’ मिळाले असं इंग्रजीत म्हटलं की ऐकणारा बहुतेक वेळा समजतो, चांगली खोड मोडली त्याची. गुन्ह्याच्या प्रमाणात शिक्षा, ना कमी ना जास्त, या विचाराला अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कायद्याच्या चर्चेत हेच नाव पडलं आहे. शब्दकोशात बक्षीस आणि शिक्षा हे दोन्ही अर्थ सापडतात, आणि तुम्ही बक्षिसाचा अर्थ घेतलात हे चूक नाही. पण वापराचा कल दुसरीकडे आहे.

आपल्या ‘करावे तसे भरावे’चा विचार करा. शब्दांप्रमाणे पाहिलं तर चांगलं करणाऱ्याने चांगलं भरावं, हा अर्थ त्यात आहेच. पण बढती मिळालेल्या माणसाला हार घालताना ‘करावे तसे भरावे’ असं कोणी म्हणेल का? व्याकरण बिनचूक असेल, उच्चारही शुद्ध असेल, आणि तरी समोरच्याचा चेहरा उतरेल. इंग्रजी वाक्प्रचार वाचून शिकताना नेमका हा भाग हातातून निसटतो. शब्दार्थ कोशात मिळतो, पण त्याच्याभोवतीचा सूर बऱ्याच वाक्यांतून भेटल्याशिवाय कळत नाही.

मग अंकात काय छापायचं? दोन ‘एस’ करून तर छापू नकाच. उद्या एखादा जाणकार वाचक बोट ठेवेल आणि नाव तुमचं असेल. तुमचं मूळ वाक्य एका ‘एस’सह जसंच्या तसं ठेवणं हा दुसरा मार्ग. ते शुद्ध असेल, तुमच्या बाजूने शब्दकोश उभा असेल, पण दोन त्रास राहतील. ज्यांना दोन ‘एस’ बरोबर वाटतात ते ती छपाईची चूक समजतील, आणि ज्यांना सूर कळतो ते क्षणभर थबकतील की बाईंची स्तुती आहे की टोमणा. तिसरा मार्ग शब्दप्रयोगच बदलण्याचा. मी असते तर तोच घेतला असता. इंग्रजीत ‘अ वेल-डिझर्व्ह्ड प्रमोशन’ हे साधं, स्वच्छ आणि कुठल्याही बाजूने गैरसमज न होणारं आहे. ‘डिझर्व्ह’ तुमच्या मूळ शब्दाचं भावंडच, त्यामुळे तुम्हाला म्हणायचं होतं ते पूर्ण राहतं.

हा बदल करताना एक गोष्ट जपा. ‘वरिष्ठ म्हणाले म्हणून बदललं’ असं होऊ देऊ नका, नाहीतर चूक नसताना ती तुमच्या नावावर जमा होईल आणि पुढच्या मजकुरातही तुमची लेखणी कचरेल. सहकाऱ्यांना एकटं गाठून शब्दकोशातली नोंद दाखवा. ‘सर, तुम्ही म्हणालात म्हणून मी मुद्दाम पाहिलं. हा शब्द “डिझर्व्ह”चं भावंड आहे, त्यामुळे एकच एस आहे. पण याचा सूर थोडा शिक्षेकडे जातो असं लक्षात आलं, म्हणून वाक्यच बदलते.’ एवढं पुरे. त्यांच्या शंकेमुळे तुम्ही शोध घेतलात हे खरंच आहे, ते सांगण्यात कमीपणा नाही. चारचौघांत मात्र हा विषय काढू नका. तुमच्यावर लोक हसले तेव्हा तुम्हाला जे वाटलं तेच त्यांना वाटेल.

बाईंची माफी मागावी का, असं तुम्ही विचारलंय. मला गरज वाटत नाही. समोर उभं राहून, आनंदाने, कौतुकाच्या चार वाक्यांच्या मधे तुम्ही ते वाक्य म्हणालात. त्यातून तुमची भावना त्यांच्यापर्यंत पोचली नसेल असं मानायला काही कारण दिसत नाही. सगळ्यांना ईमेल पाठवून खुलासा करण्याचा विचार मनात आलाच, तर तो सोडूनच द्या. जे विसरलेत त्यांना आठवण होईल आणि ज्यांच्या लक्षातही आलं नव्हतं त्यांना कळेल. मनाला फारच टोचत असेल तर बाई एकट्या भेटतील तेव्हा सहज सांगा की त्या शब्दप्रयोगाचा आजचा वापर जरा वेगळा आहे हे नंतर कळलं, मला म्हणायचं होतं की ही बढती तुमच्या कष्टांची आहे. हे ऐकायला कोणालाही आवडतं.

आणि वाक्प्रचार सोडून द्यायचे का? नका सोडू. चार लोक हसले म्हणून भाषेचा एक अख्खा कप्पा बंद करणं फार महाग पडेल. फक्त जाहीर बोलण्यात किंवा छापील मजकुरात एखादा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरण्याआधी त्याच्यासाठी पाच मिनिटं काढा. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यांत नुसता शब्द शोधू नका, पूर्ण वाक्प्रचार टाका. नुसता ‘डेझर्ट’ शोधलात तर वाळवंट समोर येईल आणि घोळ तिथेच राहील. स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवून उच्चार ऐका, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही, आणि मोठ्याने म्हणून बघा. उच्चाराच्या लिपीत वरच्या अंगाला एक छोटी उभी रेघ दिसेल. ती ज्या भागाच्या आधी असते त्या भागावर जोर द्यायचा. त्या रेघेकडे पाहायची सवय लागली की वाचून शिकलेल्यांचे निम्मे उच्चार सुधारतात, हा माझा अनुभव आहे.

मग उदाहरणाची वाक्यं वाचा, आणि व्याख्येपेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवा. त्या वाक्यांत कोणाला काय मिळतंय? खलनायकाला शिक्षा मिळतेय की मेहनती माणसाला बक्षीस? ‘जस्ट डिझर्ट्स’ची अशी उदाहरणं चाळलीत तर सूर लगेच कानाला लागेल. शंका राहिलीच तर त्या कामापुरतं साधं वाक्य घ्या. उत्तम इंग्रजी लिहिणारेही तेच करतात.

या पत्राच्या निमित्ताने इतर वाचकांसाठीही दोन शब्द, विशेषतः जे हसतात त्यांच्यासाठी. कोणी भर समारंभात बोलताना चुकीचा उच्चार केला तर तो तिथे दुरुस्त करू नये. नंतर बोलण्याच्या ओघात तोच शब्द आपण नीट उच्चारावा. ऐकणारा हुशार असेल तर त्याला पुरतं. छापायच्या मजकुरात चूक दिसली तर नक्की सांगावं, पण शब्दकोश उघडून आणि छपाईच्या आधी. आपल्याला एखादी गोष्ट ‘माहीतच आहे’ असं वाटत असेल तेव्हा तर आधी पाहून घ्यावं. इथे वरिष्ठांची खात्री पक्की होती आणि स्पेलिंग चुकीचं.

तेही कायम चुकीचं राहीलच असं मी म्हणणार नाही. इंग्रजीत ‘एप्रन’ पूर्वी ‘नेप्रन’ होता. ‘अ नेप्रन’ ऐकता ऐकता ‘अ‍ॅन एप्रन’ झाला. ‘अंपायर’चाही पहिला ‘न’ असाच गळला. ‘ब्राइडग्रूम’मधला ‘ग्रूम’ मुळात ‘गुमा’ होता, म्हणजे पुरुष. तो शब्द लोक विसरले आणि त्यांनी जवळचा ओळखीचा शब्द तिथे बसवला. आज त्याला कोणी चूक म्हणत नाही. दोन ‘एस’ही कधीतरी शब्दकोशात प्रमाण म्हणून बसतील. पण आज संपादक आणि शब्दकोश एका ‘एस’च्या बाजूने आहेत, आणि अंक आता छापायचाय.

तेव्हा उद्या सकाळी अंकाच्या संपादकांना सुधारित वाक्य पाठवा: मॅडमची बढती ‘वेल-डिझर्व्ह्ड’ आहे आणि ती मिळायला उशीरच झाला. सोबत एक ओळ लिहा की हा बदल तुम्ही स्वतः, सुराचा विचार करून केला आहे. छपाईआधी शेवटचं प्रूफ स्वतः पाहायला मागा. उत्साही हात ‘डिझर्व्ह्ड’मध्येही दुसरा ‘एस’ घालू शकतात.